धानाच्या मुलखात घरचा ब्रेड

मे महिन्यातल्या एका दुपारी गोंदियाच्या आमच्या घरात ब्रेड मशीनमधून पहिला ब्रेड निघाला, तेव्हा त्याच्या डोक्यावर वाटीएवढा खळगा होता. कडा उभ्या आणि मधला भाग बसलेला, उन्हाळ्यात आटलेल्या बोडीसारखा. मशीनसोबतच्या पुस्तिकेत सांगितलं तसं सगळं केलं होतं. मैदा, मीठ, साखर, यीस्ट आणि पाणी, सगळं मोजून घातलं होतं. फक्त ते पाणी नळाचं होतं आणि नळाला येण्याआधी ते सकाळपासून स्लॅबवरच्या काळ्या टाकीत तापत पडलं होतं. आईने भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “मशीनले का समजते बापा, पानी गरम हाय का थंड!”

ब्रेड मशीनबद्दल पुढे जे काही वाचलं, करून पाहिलं, त्याचं सार आईच्या या एका वाक्यात होतं. हे यंत्र पीठ उत्तम तिंबतं, वेळ अचूक पाळतं, ठरलेल्या तापमानाला भाजतं. पण आपल्या घरचं पीठ, आपल्या टाकीचं पाणी आणि आपल्या गावचा उन्हाळा त्याला माहीत नसतो. तेवढं आपण सांभाळलं की भट्टी जमते.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला तरी दोघांची ओळख एकच राहिली, तलाव आणि भात. शहराबाहेर पडलं की राईस मिलच्या चिमण्या, कोंड्याचे ढीग आणि कनकीची, म्हणजे तुकडा तांदळाची, पोती दिसतात. इथे ब्रेडला जुनी माणसं अजून डबलरोटी म्हणतात, आणि ती घरात यायची ती बहुधा कुणी आजारी पडलं की. तापातून उठलेल्या माणसाला चहात बुडवून द्यायची वस्तू, किंवा दवाखान्यात भेटायला जाताना बिस्किटांच्या पुड्याबरोबर न्यायची. रोजच्या ताटात तिला जागा नव्हती. अशा गावात ब्रेडचं यंत्र म्हणजे उपरं वाटतं. पण त्या यंत्राचं कूळ शोधत गेलं की ते थेट भाताच्या पातेल्याशी पोहोचतं.

भाताच्या कुकरचा वारस

जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली आपोआप बंद होणारा विजेचा राईस कुकर बाजारात आणला. पुढच्या पंचवीस वर्षांत तो घरोघरी पोहोचला आणि मग त्याची विक्री साहजिकच मंदावली. ओसाकाच्या मात्सुशिता इलेक्ट्रिक कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, १९८३ साली आपले तीन विभाग एकत्र केले. एक राईस कुकर करणारा, दुसरा टोस्टर आणि हॉटप्लेट करणारा, तिसरा फिरणाऱ्या पात्यांची, म्हणजे मिक्सरच्या जातीची यंत्रं करणारा. पहिल्याला तापमान आणि वेळ राखण्याची कला येत होती, दुसऱ्याला भाजण्याची, तिसऱ्याला घुसळण्याची. तिघांच्या विद्येची बेरीज केली तर काय निघेल? पीठ-पाणी आत टाकलं की तयार ब्रेड बाहेर देणारी पेटी.

पण पहिल्या नमुन्यांनी दगा दिला. वरचं कवच जास्त भाजलेलं आणि आतला भाग कच्चा. हाताने मळलेल्या पिठाचे आणि यंत्राने मळलेल्या पिठाचे क्ष-किरण फोटो काढून तुलना केली, तरी काही उलगडेना. तेव्हा इकुको तनाका या सॉफ्टवेअर विकसित करणाऱ्या तरुणीने वेगळी वाट धरली. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड शहरात सर्वात चांगला समजला जाई. तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली ती शिकायला राहिली. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की हा माणूस पीठ मळताना नुसतं दाबत नाही. तो ते ताणतो आणि ताणता ताणता पिळतो. ही गोष्ट त्याने कुठे लिहून ठेवली नव्हती. ती त्याच्या मनगटात होती. तनाकाने इंजिनिअरांबरोबर बराच काळ घालवला, आणि शेवटी भांड्याच्या आतल्या भिंतीला उभे कंगोरे बसवले गेले. फिरणारं पातं पिठाला ओढतं, कंगोरा त्याला अडवतो, आणि त्या ओढाताणीत पीठ ताणलंही जातं, पिळलंही जातं. १९८७ साली हे यंत्र ‘होम बेकरी’ नावाने बाजारात आलं. इकुजिरो नोनाका या जपानी व्यवस्थापनतज्ज्ञाने १९९१ साली ही हकीकत लिहिली तेव्हापासून जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ती सांगितली जाते. हातातलं न बोललेलं ज्ञान यंत्रात कसं उतरतं, याचं ते उदाहरण.

ओसाकाच्या बेकरची ही पिळून ताणण्याची हातोटी विदर्भातल्या माणसाला नवी वाटू नये. आपल्याकडची लंबी रोटी आठवा. चुलीवर मडकं उपडं घातलेलं असतं. परातीतली कणीक इतकी सैल की ओंजळीत धरली तर बोटांतून ओघळेल. बाई ती उचलते, आपटते, पुन्हा उचलते. आधी चिकचिकीत असलेला तो लगदा थोड्या वेळाने रेशमासारखा चकचकीत होतो, तुटत नाही. मग त्याचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती कोपरापर्यंत लांबवते आणि तापल्या मडक्यावर अलगद पसरते. रोटी इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. बेकरीवाले पीठ नीट तिंबलं गेलं का हे पाहायला त्याचा तुकडा बोटांवर ताणून उजेडात धरतात. लंबी रोटी करणारी बाई ती परीक्षा रोज प्रत्येक रोटीला देत असते.

ताणलं जातं ते काय

गव्हाच्या पिठात दोन प्रथिनं असतात, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी मिळालं आणि हात फिरला की दोन्ही मिळून एक जाळं विणतात, त्याला ग्लुटेन म्हणतात. ग्लुटेनिन त्या जाळ्याला ताकद देतं, ग्लायडिन त्याला ताणू देतं. घरी पाहायचं असेल तर कणकेचा लिंबाएवढा गोळा वाटीभर पाण्यात चोळून चोळून धुवा. पांढरं पाणी निघून गेलं की हातात च्युइंगमसारखा पिवळट चिवट तुकडा उरतो, तेच ग्लुटेन.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. ती पिठातली साखर खाते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडते. ग्लुटेनच्या जाळ्यात तो वायू अडकतो, लाखो बुडबुडे फुगतात आणि पीठ वर येतं. भाजताना आधी हे बुडबुडे आणखी फुगतात, मग साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्टार्च पाणी पिऊन शिजतो, ग्लुटेन घट्ट होतं आणि फुगलेला आकार कायमचा ठरतो. अनारशाला किंवा घावनाला आपण जी जाळी पडली म्हणतो, तीच ही, फक्त उभी वाढलेली.

यंत्राच्या साध्या कार्यक्रमाला तीन ते चार तास लागतात. आधी थोडा विसावा, मग तिंबणं, पुन्हा विसावा, पुन्हा तिंबणं, मग फुगवण. मध्ये पातं दोन-चार गिरक्या घेऊन मोठे बुडबुडे मोडतं, त्यानंतर शेवटची फुगवण आणि तासाभराची भाजणी. वीज जेमतेम अर्धा युनिट, कारण तापवायचं असतं ते बादलीएवढं पोकळ डबडं, अख्खी भट्टी नव्हे. मध्येच वीज गेली तर बरीच मशीन्स काही मिनिटं कार्यक्रम लक्षात ठेवतात, त्यानंतर विसरतात. त्यामुळे आपल्या भागात वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळलेली बरी.

आता त्या खळग्याकडे वळू. तापलेल्या पाण्यामुळे यीस्ट सुरुवातीपासूनच चेकाळलं. तासाभरात फुगायचं पीठ अर्ध्या तासात फुगून शिगेला पोहोचलं. माणूस असता तर त्याने बघून लगेच भट्टीत सारलं असतं. यंत्र घड्याळ पाहत थांबलं. भाजणी सुरू होईपर्यंत जाळं ताणून ताणून थकलं होतं, त्यामुळे आतला वायू निसटला आणि मध्यभाग खाली बसला. पाणी पन्नास-साठ अंशांच्या घरात असतं तर यीस्ट मेलंच असतं आणि ब्रेडऐवजी वीट मिळाली असती.

तिंबून झालेल्या पिठाचं तापमान २६ ते २८ अंश असावं असं बेकरीवाले मानतात. गोंदियात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, डब्यातलं पीठसुद्धा हाताला गरम लागतं, आणि तिंबताना घर्षणाने ते आणखी दोन-चार अंश तापतं. पिठाचं तापमान आपल्या हातात नाही, पाण्याचं आहे. पाणी पिठाच्या दुपटीहून जास्त उष्णता धरतं, म्हणून थंड पाण्याने सगळा गोळा लवकर निवतो. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये माठाचं पाणी पुरतं. मे महिन्यात फ्रीजमधलं थंडगार पाणी घ्यावं आणि यीस्ट चार ग्रॅमऐवजी तीन. डिसेंबर-जानेवारीत, पहाटे धुक्याने रस्ते दिसेनासे होतात तेव्हा, कोमट पाणी. कोमट म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंगावर घालता येईल एवढं.

दुसरी अडचण कणकेची. पुस्तिकेतली मापं परदेशी ब्रेडच्या पिठाला धरून असतात. आपल्या चक्कीत गहू दगडांमध्ये रगडला जातो, त्यात स्टार्चचे बरेच कण फुटतात. फुटलेले कण पाणी भरपूर पितात. पोळी मऊ होते ती यामुळेच, पण ब्रेडचं पीठ त्याच कारणाने आधी कोरडं आणि मग चिकट वाटतं. शिवाय कणकेतल्या कोंड्याचे कण ग्लुटेनचं जाळं ठिकठिकाणी कापतात. उपाय आपल्या घरातलाच, कणीक मुरू देणं. पोळ्यांची कणीक आपण अर्धा तास झाकून ठेवतोच. तसंच पाणी आणि पीठ घालून मशीन पाच मिनिटं फिरवायचं, बंद करून अर्धा तास थांबायचं, मग मीठ, यीस्ट आणि तेल घालून मूळ कार्यक्रम सुरू करायचा. कोंडा पाणी पिऊन मऊ पडतो आणि जाळं फाडत नाही. गव्हाच्या ब्रेडसाठी मशीनमध्ये जो लांबलचक वेगळा कार्यक्रम असतो, त्यातला जास्तीचा वेळ मुख्यतः याच मुरण्यासाठी असतो.

गहू कोणता? महाराष्ट्रात घरोघरी चालणारा लोकवन चांगला. गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत ‘लोक-१’ हे वाण तयार झालं. ‘लोक वन’ हे इंग्रजी ढंगाचं नाव बाजारात एकजीव होऊन लोकवन झालं. पहिल्या काही वेळा मात्र निम्मा मैदा घ्यावा. आमच्याकडे स्थिरावलेलं माप असं आहे: मैदा २०० ग्रॅम, लोकवनची कणीक २०० ग्रॅम, पाणी २७० मिलिलिटर, तेल २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. आधी पाणी आणि तेल, त्यावर पीठ, एका कोपऱ्यात मीठ, दुसऱ्यात साखर, आणि पिठाच्या मधोमध खड्डा करून त्यात कोरडं यीस्ट. सकाळच्या ब्रेडसाठी रात्री टायमर लावून ठेवायचा असेल तर हा क्रम महत्त्वाचा, कारण वेळेआधी यीस्टला पाणी लागता कामा नये. टायमर लावताना दूध मात्र घालू नये, उन्हाळ्याच्या रात्री ते नासतं.

तिंबणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावं. उघडलं तर बिघडेल ही भीती खोटी. न उघडण्याची वेळ शेवटच्या फुगवणीची आणि भाजणीची. या दहाव्या मिनिटाला भांड्यात एक गुळगुळीत गोळा पात्याभोवती लोळत असला पाहिजे. पीठ भिंतींना चिकटून तळाशी पसरलं असेल तर चमचाभर कोरडं पीठ भुरभुरावं. गोळा कडक होऊन भांड्यावर ठकठक आपटत असेल तर चमचाभर पाणी. एकदम ओतू नये, एका चमच्याने केवढा फरक पडतो ते मिनिटभर पाहावं.

विकतचा आणि घरचा

एवढा खटाटोप कशाला, ब्रेड तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, असं कुणीही म्हणेल. भारतात तो कोपऱ्यावर पोहोचायलाही वेळ लागला. पाव हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांच्या ‘पांव’वरून मिळाला. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव करणारे, माडाची ताजी सूर पिठात घालून तो फुगवत, कारण सुरेत रानटी यीस्ट असतं. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या कथा कोकणात पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्याचा एवढा गवगवा झाला की रानडे आणि टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला सामोरं जावं लागलं. तिथपासून १९६५ साली केंद्र सरकारने स्वतःच मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढण्यापर्यंतचा प्रवास पाऊणशे वर्षांचा. पुढे २००० साली ती हिंदुस्तान लीव्हरला विकली गेली.

कारखान्यातला ब्रेड वेगळ्या घाईने होतो. इंग्लंडमध्ये १९६१ साली चॉर्लीवूड इथे शोधलेल्या पद्धतीत पीठ काही मिनिटं अतिशय जोरात घुसळतात, त्यात सुधारक रसायनं घालतात आणि तासन्‌तासांची फुगवण वाचवतात. अशाच सुधारकांपैकी एक पोटॅशियम ब्रोमेट. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१६ साली ब्रेडच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले आणि त्याच वर्षी भारतात ब्रोमेटवर बंदी आली. आता त्या भीतीने घरी ब्रेड करायची गरज नाही. पण घरच्या ब्रेडमध्ये काय आहे ते आपण सात ओळींत सांगू शकतो, आणि तीन तास आंबल्याची जी चव येते ती घाईत येत नाही, हेही खरं.

तांदळाचा ब्रेड होईल का

गोंदियात कुणालाही मशीन दाखवलं की हा प्रश्न हमखास येतो. घरात पोतंभर तांदूळ असताना गहू कशाला?

अडचण अशी की तांदळात ग्लुटेन नाही. यीस्ट तांदळाच्या पिठातही वायू सोडतं, पण तो धरून ठेवायला जाळं नसतं. जपान्यांनाही हाच प्रश्न पडला होता. सान्यो कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये ‘गोपान’ नावाचं यंत्र काढलं. गोहान म्हणजे भात, पान म्हणजे ब्रेड, आणि हा पानसुद्धा पोर्तुगीज ‘पांव’चाच भाऊ. त्यात तांदळाचं पीठ नव्हे, अख्खे दाणे टाकायचे. यंत्र ते भिजवायचं, वाटायचं, मग वेगळं दिलेलं गव्हाचं ग्लुटेन मिसळून ब्रेड करायचं. मागणी इतकी आली की कंपनीला काही काळ नोंदणी थांबवावी लागली. पुढे जपानी संशोधकांनी २०१७ च्या सुमारास ग्लुटेनशिवाय, निव्वळ तांदळाचा ब्रेड फुगवून दाखवला. त्यांच्या लक्षात आलं की तांदूळ ओला दळून, स्टार्चचे कण फार न फोडता पीठ केलं, तर तेच कण बुडबुड्यांभोवती चिकटून त्यांना टिकवतात. घरगुती पर्याय म्हणून इसबगोल वापरतात. भिजल्यावर त्याचा जो चिकट लगदा होतो, तो थोड्या प्रमाणात जाळ्याचं काम करतो.

आम्ही मधला रस्ता काढला, उकडीचा. मोदकाला किंवा तांदळाच्या भाकरीला पीठ उकळत्या पाण्यात टाकून जशी उकड काढतात, तशी ६० ग्रॅम तांदळाच्या पिठाची उकड काढायची. तिच्यासाठी मोजलेल्या २७० पैकी साधारण १२० मिलिलिटर पाणी वापरायचं आणि गहू-मैदा त्या हिशेबाने ६० ग्रॅमने कमी करायचा. उकड पूर्ण थंड झाल्यावरच भांड्यात घालायची, नाहीतर पुन्हा तोच खळगा. शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो, म्हणून हा ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. जपानी आणि चिनी बेकर गव्हाच्या पिठाची अशीच उकड काढून ब्रेडमध्ये घालतात. पीठ गिरणीवरच्या कनकीचं चालतं, त्यासाठी चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ खर्ची घालायची गरज नाही.

ब्रेड बाहेर काढल्यावर लगेच कापू नये. जाळीवर किमान तासभर ठेवावा. भात शिजल्यावर झाकण ठेवून वाफ जिरू देतो तसंच हे, आतला स्टार्च अजून बसत असतो. आणि उरलेला ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नये. फ्रीजच्या थंडीत शिजलेला स्टार्च पुन्हा रांगेत बसून कडक होतो. फ्रीजमधला शिळा भात टणक होतो तो याचमुळे, आणि गरम केला की पुन्हा मऊ पडतो तेही याचमुळे. दोन दिवसांत संपणारा ब्रेड डब्यात बाहेर ठेवावा. जास्त टिकवायचा तर काप करून थेट फ्रीजरमध्ये, आणि लागेल तसा तव्यावर शेकावा.

पिठाच्या डब्याच्या झाकणावर आता आईने पेन्सिलीने काही ओळी लिहून ठेवल्या आहेत. पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा शोषतं आणि कमी पाणी मागतं, कोरड्या उन्हाळ्यात जास्त मागतं, हे पुस्तिकेत कुठेच नव्हतं. वर्षभर करून ते आकडे सापडले. मे: २८०, फ्रीजचं, यीस्ट ३. जुलै: २६०, नळाचं चालते. डिसेंबर: २७०, कोमट, उकडीचा असला तर दहा कमी. त्याच्या खाली, पहिल्या ब्रेडच्या तारखेपुढे तिने एक छोटा गोल काढून मध्ये खळगा दाखवला आहे.